अर्ध्या तासात संपणारी गोष्ट: इलेव्हन प्लसच्या कथालेखनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये आता १६३ सरकारी ग्रामर स्कूल्स उरली आहेत, आणि त्यांतली ३२ एकट्या केंट परगण्यात आहेत. लंडनला नोकरी आणि केंटमध्ये घर असा हिशेब करून डार्टफर्ड-ग्रेव्हसेंडच्या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी घरांत मूल इयर फोरमध्ये गेलं की 'इलेव्हन प्लस'ची, म्हणजे मुलं निवडून घेणाऱ्या या शाळांच्या प्रवेशपरीक्षेची, चर्चा सुरू होते. फी न भरता चांगली शाळा मिळण्याचा हा रस्ता आहे आणि त्याची परीक्षा मूल जेमतेम दहा वर्षांचं असताना, इयर सिक्सच्या सुरुवातीला सप्टेंबरमध्ये होते.

या प्रकरणातल्या मुलीला आपण ओवी म्हणू. ते तिचं खरं नाव नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत ती माझ्याकडे लेखनाच्या शिकवणीला येऊ लागली तेव्हा ती इयर फाइव्हमध्ये होती. घरात आई-बाबा, धाकटा भाऊ आणि मे महिन्यापासून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली सांगलीची आजी. घरात मराठी, शाळेत इंग्रजी. वाचन भरपूर, पण सगळं जाडजूड कादंबऱ्यांच्या मालिकांचं. छोटी, दोन-तीन पानांत संपणारी गोष्ट तिनं फारशी वाचलेलीच नव्हती, आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

तिच्यासमोर दोन परीक्षा होत्या. पहिली केंट टेस्ट, म्हणजे केंटची इलेव्हन प्लस. त्या वर्षी तिच्यात इंग्रजी-गणित आणि रीझनिंग अशा दोन पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिका होत्या, आणि त्याशिवाय चाळीस मिनिटांचं लेखन. त्यातली पहिली दहा मिनिटं आराखड्याची. या लेखनाला गुण नव्हते. मूल थोडक्यात मागे राहिलं आणि त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शिफारस केली, तर स्थानिक मुख्याध्यापकांचं मंडळ वर्गातल्या वह्यांबरोबर हे लेखन उघडून पाहू शकत असे. दुसरी परीक्षा एका खासगी शाळेची, जानेवारीत. तिथं अर्ध्या तासाच्या लेखनाला थेट गुण होते. एखादं शीर्षक, एखादं चित्र किंवा पहिलं वाक्य द्यायचं आणि त्यावर गोष्ट लिहायची, असा तिचा साचा.

अडचण

ओवीला गोष्टी सुचत नव्हत्या असं मुळीच नव्हतं. तिची अडचण नेमकी उलटी होती, आणि ती ओळखायला पहिल्या वहीतली एकच गोष्ट पुरेशी होती. विषय होता 'बंद दार'. गोष्टीतली मुलगी सकाळी उठते, खिडकीतून सोनेरी ऊन येतं, ती दात घासते, टोस्ट खाते, बस पकडते, मैत्रिणीशी बोलते. सव्वा पान झालं तरी दार नाही. मग शाळेच्या मागे दार दिसतं, ते उघडतं, आत एक राज्य, राणी, ड्रॅगन, दोन सैन्यं. वेळ संपत आल्यावर तीन ओळींत युद्ध आटोपतं आणि शेवटी मुलीला जाग येते, सगळं स्वप्नच होतं.

मी मुलांच्या गोष्टी तपासताना विषयात दिलेली वस्तू कितव्या ओळीवर येते ते आधी पाहते. बाकी काहीही वाचण्याआधी रचनेचं दुखणं तिथं कळतं. ओवीच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत ती वस्तू अर्धा वेळ उलटून गेल्यावर येत होती. सुरुवात फुगलेली, मधला भाग कोंबलेला आणि शेवट नावापुरता.

त्यात आधीच्या एका क्लासनं दिलेला कागद होता. 'वाव वर्ड्स'ची, म्हणजे छाप पाडणाऱ्या सजावटीच्या शब्दांची यादी, हवामानाची पाच तयार वर्णनं, सुरुवातीची काही तयार वाक्यं. ओवीनं ती मन लावून पाठ केली होती. कोणताही विषय दिला तरी गोष्ट चांदण्या रात्रीच्या किंवा वादळी आभाळाच्या त्याच वाक्यांनी सुरू व्हायची. ती वाक्यं वाईट नव्हती, पण ती लिहिताना गोष्ट पुढे सरकत नव्हती आणि मिनिटं मात्र सरकत होती.

शाळेत तिला 'स्टोरी माउंटन' शिकवला होता. सुरुवात, चढण, शिखर, उतार, शेवट. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत हा डोंगर जवळपास सगळीकडे फळ्यावर असतो आणि तो चुकीचा नाही. पण वर्गात मुलं त्यावर आठवडाभर काम करतात. अर्ध्या तासात दहा वर्षांचं मूल डोंगराचे पाचही टप्पे सारख्या उंचीचे धरतं आणि पायथ्याशीच दमून जातं.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय होता तो लेखनावर वेळ घालवायचा की नाही, हाच. केंटच्या लेखनाला गुण नाहीत म्हटल्यावर अनेक घरं ते सोडूनच देतात. ओवीच्या बाबांचं तेच म्हणणं होतं. तिचं गणित कच्चं होतं आणि आठवड्याचे तास मोजके. मी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. जिचं गणित काठावर आहे तिचीच वही त्या मंडळासमोर जाण्याची शक्यता जास्त, आणि खासगी शाळेत लेखनाला टाळता येणार नाही असे गुण आहेत. आठवड्याला एक तास, यावर ठरलं.

मग शिकवायचं कसं. बाबांचा कल पाच-सहा गोष्टी तयार करून पाठ करून घेण्याकडे होता. एक हरवण्याची, एक भीतीची, एक प्राण्याची, एक मैत्रीची. विषय येईल तशी एखादी वळवायची. या पर्यायाला मी सरसकट नाकारत नाही. परीक्षेच्या भीतीनं हात गोठणाऱ्या मुलाला एक ओळखीची गोष्ट आधार देते. पण ओवी गोठणारी नव्हती. शिवाय वळवलेल्या गोष्टीचा सांधा पहिल्या परिच्छेदातच दिसतो: विषय 'बेट' असतो आणि गोष्ट आजीच्या माळ्यावर घडते. रोज गठ्ठ्यानं वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला ते कळायला वेळ लागत नाही.

दुसरा पर्याय होता स्टोरी माउंटनच पक्का करण्याचा, घड्याळ लावून. शाळेशी जुळणारा, सुरक्षित. तिसरा, आणि मला योग्य वाटलेला, गोष्टच लहान करण्याचा: एक जागा, दोन माणसं, गोष्टीतला वेळ तासाभराच्या आत, आणि लिहायला बसण्याआधी शेवट ठरलेला. आईला तो पटला, बाबांना नाही. अर्ध्या टर्मपर्यंत करून पाहू आणि वह्या समोर ठेवून मग बोलू, अशा बोलीवर ते तयार झाले.

काय केलं

सुरुवातीचे तास पेन्सिल हातात घेतलीच नाही. ओवीनं गोष्ट फक्त सांगायची. ती इंग्रजीत सांगू लागली की लगेच वाव वर्ड्स यायचे, आभाळ यायचं, धुकं यायचं. मी तिला मराठीत सांगायला सांगितलं. मराठीत तिच्याकडे सजावटीचे शब्दच नव्हते, त्यामुळे उरली ती नुसती गोष्ट. बाबांना हे खटकलं. "ताई, परीक्षा इंग्रजीत आहे. मराठीत सांगण्यात वेळ कशाला घालवायचा?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की रचना भाषेच्या आधी येते. काय झालं, मग काय झालं आणि शेवटी काय बदललं, हे ज्या भाषेत मूल मोकळं बोलतं त्या भाषेत आधी घट्ट व्हावं.

मेमध्ये आजी आली आणि कामाला वेग आला. रात्री जेवणं झाली की ओवी आजीला गोष्ट सांगायची आणि आजी ऐकता ऐकता अडवायची, "आभाळ कसलं होतं ते ऱ्हाऊ दे गं, पुढं काय झालं ते सांग." लेखनाच्या शिक्षकाला जे दहा शेरे मारून जमत नाही ते एवढ्या वाक्यानं होत होतं. ऐकणाऱ्याचा जीव कुठं अडकतो आणि कुठं कंटाळतो, हे ओवीला आजीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रचनेचा नमुना म्हणूनही आम्ही आजीचीच गोष्ट घेतली: म्हातारी आणि भोपळा. ती ओवीला लहानपणापासून पाठ होती, पण तिची बांधणी तिनं कधी पाहिली नव्हती. म्हातारीला हवंय काय? लेकीकडे जायचंय. आडवं कोण येतं? कोल्हा, मग वाघ. ती काय करते? लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा, असा शब्द देते. खरी गंमत इथं आहे. हा शब्द दिला त्या क्षणी ऐकणारं मूल परतीच्या वाटेची वाट पाहू लागतं. लेकीच्या घरी काय काय झालं याला गोष्टीत एखाद-दुसरं वाक्य मिळतं, कारण तिथं काही पणाला लागलेलं नाही. परतीच्या वाटेला मात्र टुणूक टुणूक करत हवा तेवढा वेळ मिळतो. मी ओवीला विचारलं, "आजीनं लेकीचं घर, स्वयंपाकघर, पडदे असं सगळं सांगितलं असतं तर?" ती म्हणाली, "मावशी, मग मी झोपले असते." सुरुवातीचं टोस्ट आणि दात घासणं त्या दिवसापासून तिच्या वहीतून गेलं. मला ते वेगळं सांगावं लागलं नाही.

यावरून चार प्रश्नांचा आराखडा झाला. कोण आहे आणि कुठं आहे? तिला आत्ता, या घडीला काय हवंय? काय आडवं येतं? ती काय ठरवते आणि त्यानं काय बदलतं? नियम एकच: चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहायचं. शेवट ठरला की सुरुवातीत काय पेरायचं ते आपोआप कळतं, आणि जे शेवटाला लागणार नाही ते टाकून देता येतं. गोष्ट सुरू करायची ती काहीतरी बिघडण्याच्या अगदी जरा आधी. आणि मधला एक क्षण असा निवडायचा की जिथं गोष्ट मुद्दाम सावकाश करायची. वर्णनाची हौस तिथं फेडायची, बाकी कुठं नाही. पाठ केलेले चांगले शब्द वाया गेले नाहीत ते यामुळे. त्यांना बसायला जागा मिळाली.

यातून एक नवी अडचण निघाली. मराठीत तोंडी गोष्ट सांगताना आपण सहज वर्तमानकाळात शिरतो: ती दार उघडते, बघते तर काय! ओवी तशीच सांगायची आणि मग इंग्रजीत लिहिताना तिचे काळ सरमिसळ व्हायला लागले. एका परिच्छेदात भूतकाळ, पुढच्यात वर्तमान. तपासणारा यावर नक्की बोट ठेवतो. बाबा म्हणाले, मराठी सोडून द्या. हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय होता, कारण त्यांचं निरीक्षण खरं होतं. आम्ही मराठी ठेवली पण मध्ये एक पायरी घातली. मराठीत गोष्ट सांगून झाली की प्रत्येक परिच्छेदासाठी एक इंग्रजी वाक्य, भूतकाळात, मोठ्यानं म्हणायचं. पाच परिच्छेद, पाच वाक्यं. ती म्हणून झाल्याशिवाय लिहायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत काळ बऱ्यापैकी ताळ्यावर आले. पूर्ण नाही.

संवादाचीही मर्यादा घातली. ओवीची पात्रं अर्धा पान नमस्कार-चमत्कार करत. आता संवाद फक्त तिथं, जिथं कुणीतरी काहीतरी लपवतंय किंवा कबूल करतंय.

जुलैतल्या सराव परीक्षेत विषय आला 'वादळ'. जुनी ओवी आभाळापासून सुरू झाली असती. या गोष्टीचं पहिलं वाक्य होतं: मी कडी लावली असं दादाला सांगितलं, पण लावली नव्हती. सशाच्या खुराड्याची कडी. रात्री वारा सुटतो, मुलीला जाग येते. तिला हवंय ते एवढंच, कुणाला कळू न देता खाली जाऊन कडी लावायची. मागचं दार करकरतं, बाहेर काळोख, खुराड्याचं दार आपटतंय. दारात उभी राहून ती ठरवते तो क्षण ओवीनं आठ-नऊ ओळी सावकाश लिहिला होता. वादळ होतं ते तिथं, कामाला लावलेलं. मुलगी वर जाऊन दादाला उठवते आणि खरं सांगते. ससा शेडखाली सापडतो. शेवटी दादा बाजूला होतो आणि कडी तिला लावायला देतो.

दीड पान. वेळेत संपलेलं, वर दोन मिनिटं शिल्लक. स्पेलिंगच्या चुका होत्या, एका ठिकाणी काळ घसरला होता. पण म्हातारीच्या शब्दाचं काम इथं कडीनं केलं होतं, आणि हे ओवीनं स्वतःहून केलं होतं. मी बाबांना तीच वही दाखवली, शेजारी 'बंद दार'. पाठांतराचा विषय त्यानंतर निघाला नाही.

परीक्षा आणि निकाल

केंट टेस्टच्या लेखनात ओवीनं दहा मिनिटांपैकी दहाही मिनिटं आराखड्याला दिली. आजूबाजूची मुलं आधीच विचार करायची थांबलेली दिसत होती, असं तिनं घरी येऊन सांगितलं. शेवट आधी लिहिला का, एवढंच मी विचारलं. लिहिला होता.

निकाल ऑक्टोबरच्या मध्यात आला. तिथं एकूण गुणांबरोबर प्रत्येक भागात किमान गुण लागतात. ओवीचे एकूण गुण पुरेसे होते, गणितात ती किंचित खाली होती. पण अशी मुलं सप्टेंबरअखेरीसच मुख्याध्यापकांच्या मंडळासमोर जाऊन आलेली असतात, आणि तिच्या शाळेनं शिफारस केली होती. मंडळानं तिला ग्रामर स्कूलसाठी योग्य ठरवलं. मंडळ कारण सांगत नाही. वर्गातल्या वह्या, शिक्षकांचं मत आणि त्या चाळीस मिनिटांचं लेखन, यांतलं कशाचं वजन किती पडलं हे आम्हाला कधीच कळणार नाही, आणि लेखनामुळेच झालं असा दावा मी करणार नाही. लेखन उघडून पाहिलं असेल तर त्यात सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट होती, एवढं मात्र खरं.

शाळांचा पसंतीक्रम ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो, म्हणजे निकालानंतर हातात जेमतेम दोन आठवडे. पहिली पसंती लांबच्या, नावाजलेल्या शाळेला की घराजवळच्या शाळेला, यावर घरात बरीच चर्चा झाली. त्यांनी नावाजलेली वर ठेवली आणि जवळची दुसरी. ३ मार्चला दुसरी मिळाली.

खासगी शाळेच्या परीक्षेत चित्र होतं: ओसाड स्टेशनवर ठेवलेली एक बॅग. ओवीनं बॅग उघडलीच नाही. बॅग परत करायची की नाही यावर दोन बहिणींचं भांडण लिहिलं. शाळेनं जागा देऊ केली, मुलाखतीत या गोष्टीबद्दल विचारलंही. पण फीमध्ये सवलत मिळाली नाही, आणि जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के व्हॅट लागू झाला होता. कुटुंबानं ती जागा सोडली.

वेगळं काय करता येईल

मराठीत सांगण्याचा टप्पा ठेवायचा, पण इंग्रजी भूतकाळातली पाच वाक्यं पहिल्या आठवड्यापासून त्याला जोडायची. काळांचा घोळ निस्तरण्यात जो वेळ गेला तो गणिताला देता आला असता, आणि ओवीच्या बाबतीत गणितच काठावर होतं.

वाचन बदलायला हवं ते याहून आधी. कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात गोष्टीचं माप कादंबरीचं असतं. दोन सैन्यं, राणी आणि ड्रॅगन त्यातूनच येतात. इयर फोरपासून आठवड्याला एक छोटी गोष्ट मोठ्यानं वाचली आणि ती कुठं सुरू झाली, शेवटानं सुरुवातीतली कोणती गोष्ट उचलली, एवढंच बोललं तरी पुढचं काम निम्मं होतं. ओवीच्या धाकट्या भावासोबत आई आता तेच करते, बरेचदा आजीच्या व्हिडिओ कॉलवर.

सगळ्याच मुलांना लहान गोष्ट मानवत नाही, हेही नोंदवायला हवं. माझ्याकडे त्याच सुमारास येणारा एक मुलगा मुळातच कमी लिहायचा. त्याला एक जागा, दोन माणसं असं बांधल्यावर गोष्ट अर्ध्या पानात संपू लागली. त्याला उलट दिशेनं न्यावं लागलं: आडवं येणारी गोष्ट एकदा नव्हे, तीनदा येऊ द्यायची, प्रत्येक वेळी जरा मोठी होऊन. चार प्रश्न तेच, फक्त तिसऱ्या प्रश्नाला तीन उत्तरं. म्हणून मूल आलं की पहिल्या तासाला मी त्याला काही शिकवत नाही. एक विषय देते, वेळ लावत नाही, आणि ते कुठं रेंगाळतं, कुठं पळतं ते पाहते.

आराखड्याची दहा मिनिटं फक्त केंटच्या परीक्षेत होती. खासगी शाळेच्या अर्ध्या तासात तो वेळ वेगळा मिळत नाही, आणि ओवीला सप्टेंबरनंतर पाच मिनिटांत आराखडा करायची सवय लावायला अवघे काही आठवडे मिळाले. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलांना मी आता सुरुवातीपासून पाच मिनिटांतच आराखडा करायला लावते. दहा मिळाली तर उरलेल्या वेळात पाच वाक्यं मनात म्हणायची.

आणि मंडळासमोर वर्गातल्या वह्याही जातात, हे पालकांना आधी सांगायला हवं. ओवीच्या शिकवणीच्या वह्या सुधारत होत्या तेव्हा शाळेतल्या वहीत बराच काळ जुन्याच पद्धतीच्या गोष्टी होत्या, कारण तिला वाटायचं की मावशीकडची पद्धत फक्त परीक्षेसाठी आहे. जूनमध्ये तिच्या आईनं वर्गशिक्षिकेची भेट घेऊन चार प्रश्नांचा कागद दाखवला. त्यांनी तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवू दिला, आणि उन्हाळी टर्मच्या शेवटच्या दोन गोष्टी ओवीनं त्याच कागदावरून लिहिल्या.